अण्णा लिमये आणि हातसडीचा भात

वर्गात शिरल्यावर अण्णा लिमये हजेरीच्याही आधी पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारीत, "काय रे, सकाळी भात कसला खाऊन आलास? पांढरा की तांबूस?" आमच्या शाळेच्या स्मरणिकेत त्यांच्यावर जो लेख छापून आला आहे, त्यातले एवढेच खरे आहे. ते मुलांचे डबे उघडून पाहत नसत. पांढरा भात खाणाऱ्याला बाकावर उभे करीत नसत. आणि 'आपल्या छंदापायी त्यांनी पोटच्या मुलीचे ठरत आलेले लग्न मोडले' हे लेखातले वाक्य तर निखालस असत्य आहे. लेखक महाशय त्या दिवशी तेथे नव्हते. मी होतो. पंगतीत वाढायलाच मी होतो.

कल्याणला आमच्या चाळीत अण्णांची खोली माझ्या खोलीला लागून होती. त्यांच्याच शाळेत मी नवा शिक्षक म्हणून लागलो होतो. ते माझ्याहून वीसेक वर्षांनी वडील. दर रविवारी सकाळी भिंतीपलीकडून मुसळाचे घाव ऐकू येत. धोतराचा काचा मारून अण्णा स्वतः साळ सडीत आणि त्यांची मुलगी सुधा सूप घेऊन पाखडायला बसे. पुरुषाने मुसळ धरावे याचे चाळीला भारी हसू येई. "मास्तर, आता पोरीच्या वेण्याही घाला!" असे समोरच्या काकूंनी एकदा सुनावले. अण्णा मान वर न करता म्हणाले, "घालत होतो की. आई गेली तेव्हा लहान होती ती." 

लोकांनी त्यांना 'कोंडामास्तर' म्हटले, पण ते खूळ नव्हते. लढाईत रेशन लागले त्या सुरुवातीच्या दिवसांत घरात गिरणीचा पांढरा, जुना तांदूळ येई. तोही पाच-सहा पाण्यांनी धुवायचा, वरची पेज ओतून द्यायची, आणि ताटात दुसरे फारसे काही नाही. अण्णांच्या पत्नीचे पाय सुजले, मग धाप लागू लागली. निदान झाले तेव्हा उशीर झाला होता. "जे कोंड्यात होतं, तेच त्यांना हवं होतं, मास्तर," असे डॉक्टर जाता जाता म्हणाले. अण्णांच्या मनातून ते वाक्य कधीच गेले नाही.

"पॉलिश बुटाला करावं, तांदळाला कशाला?" हे त्यांचे नेहमीचे. दुसरे असे : "पांढरा भात दिसतो श्रीमंताचा आणि तासाभरात भूक लावतो गरिबाची. आपल्यासारख्या कमी पगाराच्या माणसानं हातसडीचाच खावा. मूठभर कमी शिजवला तरी दुपार निभते. भाजीला पैसे नसले तर निदान तांदळात आहे ते तरी फेकू नये." मी हटकून वाद घालीत असे. हा तांदूळ शिजायला वेळ लागतो, जळण जास्त जाते, लवकर किडतो. "आधी भिजत घाल. आठवड्यापुरताच सड. आणि दामोदर, तू आधी खाऊन बघ, मग भांड!"

दहा-अकरा वर्षांचे रेशन उठल्यानंतरच्या वर्षी सुधेला ठाण्याच्या एका वकिलांच्या मुलाचे स्थळ सांगून आले. मंडळी जेवायला येणार होती. दोन दिवस आधी अण्णा मला म्हणाले, "टिटवाळ्याला येतोस का? तिथल्या गिरणीवाल्याकडे बारीक पांढरा तांदूळ चांगला मिळतो."

"पॉलिशचा, अण्णा?" मी थट्टेने विचारले.

"पॉलिशचा. माझी मतं माझ्या ताटात. मुलीच्या संसारात त्यांची लुडबूड नको."

ती पिशवी त्यांनी सबंध वाटेत मला उचलू दिली नाही. असा हा 'हट्टी' माणूस!

मंडळी आली त्या दिवशी मी स्वयंपाकघरात केळीची पाने पुसत होतो. मुलाची आत्या पाणी प्यायला आत आली. परातीत संध्याकाळसाठी भिजत घातलेला तांबूस तांदूळ पाहून म्हणाली, "अगंबाई, तुमच्याकडे गुरं आहेत वाटतं?"

"नाही. आम्हीच खातो," सुधा म्हणाली.

"बाई नसली की घराचं असंच होतं हो. आमच्याकडे आलीस की शिकवू सगळं."

आत्या बाहेर गेली. सुधेने निवडून ठेवलेला पांढरा तांदूळ पिशवीत परत ओतला आणि परातीतला तांबूस तांदूळ चुलीवर चढवला.

"सुधा, अगं, वेडी आहेस का?"

"दामूदादा, तुम्ही यात पडू नका."

मी पडलो नाही.

पानावर मूद पडताच वकिलांचा हात थांबला. "मास्तर, हा भात?" अण्णांनी पानाकडे पाहिले, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. सुधा तेथे उभी होती. तिचा राग एव्हाना उतरला होता. भीती तेवढी उरली होती. अण्णा खणखणीत आवाजात म्हणाले, "मीच सांगितला करायला. ती बिचारी नको नको म्हणत होती." आणि त्यांनी कोंड्याच्या गुणांवर पाव तास व्याख्यान दिले. स्मरणिकेत ज्याची नक्कल करून लोकांना हसवले आहे, ते व्याख्यान हेच. मंडळी ताक न घेताच उठली.

मागाहून ते मला म्हणाले, "मुलीनं पाहुण्यांचा अपमान केला असं बाहेर गेलं, तर तिला कोण करून घेईल? बाप विक्षिप्त असला तर चालतं. तू कुठे बोलायचं नाहीस." मी शब्द दिला.

पण चालले नाही. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत गोष्ट पसरली आणि पुढच्या दोन स्थळांनी मुलगी न पाहताच पत्रिका परत पाठवली. सुधेने नोकरी धरली. एकदा तिने सगळ्या चाळीला खरे सांगण्याचे मनात आणले, तर अण्णांनी तिला शपथ घातली. कोणी टोमणा मारला की "आहेच मी हट्टी" म्हणून हसत. तांदळाविषयी एक चुकीचा शब्द खपवून न घेणारा माणूस स्वतःविषयीचे खोटे पाच वर्षे ऐकत राहिला.

शेवटच्या आजारात एका दुपारी त्यांनी मला जवळ बसवले. "दामोदर, तू भांडखोर आहेस, तोंडावर खरं सांगशील. त्या दिवशी मी खरं बोललो असतो, तर पोरीचं लग्न झालं असतं का रे?"

मी त्यांचे पांघरूण सारखे केले. औषधाचा पेला घेऊन सुधा दारात उभी होती. तिने ते ऐकले की नाही, हे मी तिला कधीच विचारले नाही. तिसऱ्या दिवशी अण्णा गेले. सुधा एकटीच राहिली आणि गेल्या वर्षी तीही गेली. दिलेला शब्द पाळण्याचे कारण आता उरले नाही, म्हणून हे लिहिले.

"नाही, अण्णा, तरीही नसतं झालं," असे मी त्या दुपारी म्हणायला हवे होते. ते खरे ठरले असते की खोटे, मला ठाऊक नाही. मुलीसाठी ते भर पंगतीत जेवढे बोलले, त्यापुढे हे किती थोडे होते. मला तेवढेही बोलता आले नाही.