फ्रान्सच्या बेटावरचं मिठागर

आई गेल्यावर बाबांना मी हॅम्बर्गला घेऊन आले. उरणकडचं आमचं मिठागर त्याआधीच गेलं होतं. सगळ्या काकांनी सह्या केल्या, शेवटी बाबांनीही केली, आणि भराव पडून तिथं कंटेनर उभे राहिले. तेव्हापासून बाबांचं एकच पालुपद: "मी सही केली नसती तर राहिलं असतं." समजावून समजावून माझं तोंड दुखलं. इथं बंदरातल्या फेरीबोटीतून कंटेनर दिसतात, म्हणून त्यांनी फेरीत बसणंसुद्धा सोडलं.

उन्हाळ्यात त्यांना फ्रान्समधल्या एका बेटावर नेलं. मीठ आणि मासेमारी, एवढ्यावरच उभं राहिलेलं गाव. धक्क्यावर जाळी वाळत पडलेली, पण बोंबील काही दिसेना म्हणून बाबा नाक मुरडत चालले होते. मिठागर दिसलं मात्र, स्वारी एकदम खुलली! बूट काढून हातात घेतले.

"अहो बाबा, लोक बघतायत!"

"बघू देत. बांधावर पायताण घालून जातं का कुणी?"

पाण्यात एक तरुण बाई लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं मीठ ओढत होती. तीही अनवाणीच. बाबांनी हात पुढे केला, तिनं हसून फावडं दिलं. बाबांनी इतकं अलगद मीठ ओढलं की खालचा चिखल हललासुद्धा नाही. मग मला म्हणाले, "विचार तिला, हे पण बुजवणार का?"

मी इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली, "छे! इथं बंगले होणार होते. माझ्या आजोबांनी सही द्यायला साफ नकार दिला. म्हणून तर राहिलं."

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. आता हे कसं सांगायचं?

"हो बाबा," मी म्हटलं, "हेही जाणार. तिच्या आजोबांनी सही दिली नव्हती, तरी जाणार."

बाबांनी फावडं बांधावर ठेवलं आणि त्या बाईच्या डोक्यावर ओला हात ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नको बाय," ते म्हणाले. "आपल्या हातात काही नसतं गं. आपला दोष नाही."

ती बिचारी हसत होती. "काय म्हणतायत?" तिनं मला विचारलं. मला हुंदकाच फुटला.