मेंढीचं रक्त आणि वहिनीची बोटं

परवा भोकरदनच्या रस्त्यावर मेंढरांचा कळप आडवा आला आणि गाडी थांबली. काच खाली केली तसा दवानं भिजलेल्या लोकरीचा तो कुबट, उबदार वास आत शिरला. ड्रायव्हरनं नाक मुरडलं. मी मात्र या वयातही पोरीसारखी सरसावून बसले. अहो, माझ्या सगळ्या संशोधनाची सुरुवात याच वासात झाली!

छप्पन-सत्तावनचा हिवाळा असेल. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत मी नुकती लागले होते आणि सुट्टीत पिंपळगाव रेणुकाईला, माहेरी आले होते. घरात वहिनीविषयी वेगळंच शिजत होतं. सकाळी तिची बोटं आखडायची. भाकरी थापता येईना, बादलीची कडी धरवेना. दुपारी ऊन वर आलं की तीच बोटं सुटी व्हायची. आईला तेवढं पुरेसं होतं. "कामाच्या टायमाला बराबर दुखतंय, अन् जेवायला बसली की बिलकुल न्हाई!" संक्रांत झाली की वहिनीला आष्टीला तिच्या माहेरी नेऊन सोडायचं, ते कायमचंच, असं ठरलं होतं. दादा मान खाली घालून ऐकायचा. वहिनी मला म्हणाली, "वन्सं, आता मलाबी वाटून राह्यलंय, मी सोंगच करते का काय?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

कारण सकाळचं ते आखडणं हीच तर एका सांधेरोगाची खूण! शरीरात राखणदार असतात, बाहेरच्या जंतूंशी लढणारे. ते कधी फिरतात आणि आपल्याच सांध्यांवर तुटून पडतात, असं आमच्यातले काहीजण तेव्हा दबकत म्हणू लागले होते. शरीर स्वतःचाच घात कशाला करील, म्हणून थोर मंडळी हसण्यावारी नेत. वहिनीला मी हे सांगितलं तर ती पटकन म्हणाली, "म्हंजे कुंपणच शेत खातंय की!" दोघी खूप हसलो.

दिवाळीतच तिची बोटं पाहून मला शंका आली होती, म्हणून या खेपेला थर्मासमध्ये बर्फात ठेवून मेंढीच्या पेशी टोचलेल्या सशाचं रक्तद्रव, म्हणजे सीरम, आणलं होतं. त्यात भिजवलेल्या मेंढीच्या रक्तपेशींवर रोग्याचं रक्तद्रव घातलं की त्या एकमेकींना चिकटतात, अशी ती तपासणी. ताजं रक्त हवं होतं, आणि खतासाठी आमच्याच शेतात धनगरांनी मेंढरं बसवली होती. धनगरीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "इतकं शिकून मेंढराचं रगत काढाया आलीस व्हय गं बाई? पिचकारीभरच ना? मंग घे. पर देवाला सोडलेल्या मेंढीला हात न्हाई लावायचा." तिनंच एक दांडगी मेंढी गुडघ्यात धरून दिली.

पडवीत दोन काचेच्या नळ्या मांडल्या. एकीत माझं रक्तद्रव, एकीत वहिनीचं. दोन्हींत त्या भिजवलेल्या पेशी घालून रात्रभर फडक्याखाली ठेवल्या. निरोगी असेल तर तांबड्या पेशी तळाशी टिकलीएवढ्या गोळा होतात. रोग असेल तर साऱ्या तळावर सारवल्यागत पसरतात. सकाळी फडकं काढलं. माझ्या नळीत टिकली. वहिनीच्या नळीत पसरलेला लाल थर! "आहे! आहे!" मी अशी ओरडले की साप निघाला समजून आई धावत आली. मग माझ्या ध्यानात आलं, मी आनंदानं नाचतेय ती वहिनीच्या रोगापायी.

"म्हंजे मला खरंच दुखतंय ना?" वहिनीनं विचारलं.

"खरंच. रक्तातच आहे."

"अन् औषध?" आईनं विचारलं. पक्कं औषध अजून कुणाकडंच नाही, असं मी सांगितलं. तशी आईनं खाली बसून वहिनीची आखडलेली बोटं आपल्या हातात घेतली. वहिनी रडत-हसत उठली, फडताळातून गुळाची ढेप काढली. फोडता येईना, तशी माझ्यापुढे सरकवली. "फोडा वन्सं. वाटा सगळ्यांना."

आष्टीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मी पुढे आयुष्यभर त्या फितूर राखणदारांच्या मागे लागले, आणि काय मजा आली म्हणून सांगू! हसणाऱ्यांचं हसू जिरलं. औषधंही आली, वहिनीची बोटं वाकडी झाल्यावर आली. आता यंत्र घटकेत निकाल देतं. पण रिपोर्ट हातात घेणारी बाई अजूनही बरं होण्याचं नंतर विचारते. आधी हळूच म्हणते, "म्हणजे खरंच आहे ना, डॉक्टर? मग घरी तेवढं सांगा की."