जळलेलं टोक

पक्षाघातानंतर अब्बांना उजवा हात कसाबसा उचलता यायचा, बोटं मात्र मिटत नव्हती. डाव्या हाताने जेवणं त्यांना मंजूर नव्हतं. म्हणून अम्मी त्यांना आतल्या खोलीत दार लोटून भरवायची. अख्ख्या बंदराची जाळी दुरुस्त करणारा माणूस असा लपून जेवतो, हे मला बघवेना.

यंत्रमानवांचे हात बनवणं हे माझं पुण्यातलं काम. रजा काढून रत्नागिरीला आले आणि अब्बांची बोटं मिटवणारा हातमोजा बनवायला पडवीत टेबल मांडलं. अब्बांच्या मनगटाला गिअरचं वजन पेललं नसतं, म्हणून दोरीवर चालणारी रचना निवडली. अंगठ्याएवढी मोटर दोन बारीक दोऱ्यांना पीळ देते. पिळाने दोऱ्या आखडतात आणि बोटं ओढून मिटवतात. बटण डाव्या हाताखाली. कागदावर सगळं झकास होतं.

प्रत्यक्षात दोरी तुटली. एकदा नाही, तीनदा, आणि दर वेळी टोकापाशीच. मी दोरी विकणाऱ्या दुकानदाराला फोनवर फैलावर घेतलं, मोटरला नावं ठेवली, अम्मीवरही उगाच खेकसले.

अब्बा खुर्चीतून बघत होते. त्यांनी तुटका तुकडा मागून घेतला आणि डाव्या नखाने चाचपला.

"जाळलंस काय गो, बाय?"

जाळलं होतंच. दोरी कापली की लायटरने टोक वितळवायचं, म्हणजे ती उसवत नाही, हे लहानपणी जाळ्यापाशी बसून मी त्यांच्याकडूनच शिकले होते. हात आपसूक लायटरकडे गेला होता. पण ही दोरी जाळ्यासारखी नायलॉनची नव्हती. तिला आच सोसत नाही असं वेष्टनावर लिहिलं होतं, आणि मी ते वाचलंही होतं. मोठी इंजिनिअर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मीच शिकवलेलं तुला," ते अडखळत म्हणाले. "हिला जाळू नको. चार वेढे दे नि गाठ मार."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्यात जेवायला बसले. बिस्मिल्ला म्हणून त्यांनी बटण दाबलं. मोटर घुमली, तीन बोटं भाकरीच्या तुकड्यावर मिटली. हात थरथरत वर गेला. सालन सदऱ्यावर सांडलं, पण घास तोंडात पोचला.

अम्मीने सवयीने त्यांच्यासाठी घास पुढे केला होता. तो हातातच राहिला. जरा वेळ ती त्याच्याकडे बघत बसली आणि मग तिने तो स्वतःच खाल्ला. अब्बा आजारी पडल्यापासून त्यांच्यासोबत ती एकदाही जेवली नव्हती, आणि हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.