मामांची तिसरी ओळ

पृथ्वीवरच्या कुठल्याही गाण्यातली कुठलीही शिवी निर्दोष सोडवून आणेल असा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमच्या सुनेचे मामा. अमेरिकेत, माझा मुलगा राहतो त्याच शुगर लँडला तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, वय साठीला टेकलेलं, डोक्यावर केस नाहीत आणि गाडीत दिवसभर तरुण पोरांची ती दणदणाटी गाणी. काचा थरथरायच्या. सिग्नलला शेजारच्या गाडीतली कॉलेजची मुलं वळून बघत, तर मामा त्यांना हात करीत. मला देवळात न्यायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. वाटेत सीडी थांबवून एकेक ओळ मराठीत सांगत. बायकांना वाईट बोललेली ओळ आली की तिथे नुसतं ‘वगैरे वगैरे’ म्हणत आणि वर सांगत, "हा उपहास आहे, विहीणबाई. गाणारा तसा नाही. तसल्या माणसाची तो नक्कल करतोय." मी म्हणे, नक्कल फार मन लावून करतोय. वाद घालायला मिळाला की ते इतके खूश होत की हायवेवरून उतरायची एक्झिट चुकत. एकदा देवळाऐवजी आम्ही थेट समुद्रावर पोचलो आणि नैवेद्याचा शिरा तिथेच खाल्ला. घरी भाजी खारट झाली तरी भाचीला म्हणत, हा मिठावरचा उपहास समजू.

त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझी नात सई आणि तिच्या मैत्रिणी नाचणार होत्या. नाच मामांनी बसवला, गाणंही त्यांनीच निवडलं. मंडळातल्या बायकांनी शब्द ऐकले आणि नाच कॅन्सल करा म्हणाल्या. पोरी रडकुंडीला आल्या. भर उन्हाळ्यात महिनाभर आमच्या गराजमध्ये त्यांनी घाम गाळला होता. मामा तर पेटलेच. सगळ्यांना आमच्याकडे बोलावून उपहासावर एवढं बोलले की मला चहा दोनदा टाकावा लागला.

मलाही नाच व्हायला हवा होता. आमच्या गावाकडे लग्नात बायका व्याह्यांना टोमण्यांची गाणी म्हणत. नाक, पोट, चिकटपणा, काही सोडत नसत. पण ज्याला म्हणायचं त्याला समोर पाटावर बसवत, आणि त्याच्या बाजूच्या बायका लगेच उलट गाणं म्हणत. पाठीमागे म्हटलं तर ती चेष्टा नव्हे, कुचाळकी. मी म्हटलं, "मामा, गाणं बायकांवर आहे ना? मग सईला समोर बसवा आणि मराठीत म्हणून दाखवा. काही गाळायचं नाही. ती हसली तर नाच पक्का."

मामांना कल्पना फारच आवडली. सोफा सरकवला, सईला स्टुलावर बसवलं, टाळ्यांचा ठेका धरला आणि सुरू झाले. पहिली ओळ गाडीवर होती, दुसरी सोन्याच्या साखळीवर. मंडळाच्या बायकासुद्धा हसल्या. तिसरी ओळ आली आणि मामा तोंड उघडं ठेवून थांबले. पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा तिथेच अडले.

"इट्स ओके, मामाआजोबा," सई म्हणाली. "आम्ही त्या लाइनला नेहमी खालीच बघतो."

मामांना महिनाभर ती नाचातली स्टेप वाटली होती.

त्यांनी टाळ्या थांबवल्या. म्हणाले, "मग कुणावर गायचं?" मी म्हटलं, समोर बसायला तयार असेल त्याच्यावर. त्यांनी सईला उठवलं आणि स्वतः स्टुलावर बसले.

गणपतीत पोरी त्याच ठेक्यावर मामांवर गायल्या आणि नाचल्या. टक्कल, थरथरणाऱ्या काचा, सगळं घेतलं. मामा पहिल्या रांगेत होते आणि सगळ्यांत मोठ्याने हसत होते. गाणं संपलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं की उलट म्हणायला त्यांच्या बाजूचं कुणीच नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि भाची आता आमच्या घरची. मग मुलाकडची असून मीच उठले आणि त्यांच्या बाजूने चार ओळी म्हटल्या. काही धड जमल्या नव्हत्या. मामा हसले नाहीत. चष्मा काढून हातात धरला आणि माझी शेवटची ओळ संपेपर्यंत तसेच बसून राहिले.