छपरावरचे तळवे

ट्रेलरचं लाकूडकाम शिमग्याआधीच संपलं होतं. उरलं होतं ते त्याच्या अंगावर काचेच्या धाग्यांचं कापड चढवून त्यात इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारी चिकट राळ, मुरवणं. प्लायवूड कितीही चांगलं घेतलं तरी आमच्या हवेत ते उघडं टिकत नाही. कडा फुगतात, थर सुटतात. होड्यांना देतात तसं कवच त्याला द्यावं लागतं. हे आठवड्याभराचं काम आहे असं मी घरात सांगितलं होतं. आंबा संपत आला तरी ते चाललंच होतं.

ट्रेलर कशासाठी, ते आधी सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, चालणं आलं नाही. तिचं माहेर नाटे गावचं, बंदराजवळचं. तिथलं घर मामांच्या माघारी विकलं गेलं, आता तिचं म्हणावं असं तिथे कुणी नाही. तरी गेल्या गणपतीत ती म्हणाली, "मला एकदा नाट्याला ने रे. बंदर बघते आणि येते."

गाडीच्या पुढच्या सीटवर पाठ कलती करून ती दीड-दोन तास कशीबशी बसू शकते. पण पोचल्यावर तिला लगेच आडवं करावं लागतं, कपडे बदलावे लागतात. लॉजचं नाव काढलं तर म्हणाली, "परक्याच्या गादीवर माझी घाण नको." अँब्युलन्सचं विचारलं तर म्हणाली, "त्यात मेल्यावर घाल मला."

"मग तुझी खोलीच बरोबर नेऊया," मी म्हटलं.

आंब्याच्या पेट्या वाहायचा एक जुना ट्रेलर मिळाला, कागदपत्रं धड असलेला. त्याच्या लोखंडी सांगाड्यावर मी लाकडी खोली उभी केली. एका अंगाला आईचा बिछाना, त्याच्या उंचीला खिडकी, दुसऱ्या अंगाला बायकोसाठी अरुंद बाक, मागे रुंद दार. शाळेत असल्यापासून मला सुतारकामाची आवड आहे. नोकरी कारकुनीची झाली, आवड राहून गेली होती. घरासमोरच्या खळ्यात माडाच्या झापांचा मांडव घालून त्याखाली मी रोज ऑफिसातून आल्यावर काम करायचो. रविवारी दिवसभर.

घाई पावसाची होती. मागच्या पावसाळ्यात आईची छाती भरली होती आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की असा आणखी एक पावसाळा तिला झेपेल याची खात्री देता येत नाही. म्हणजे जायचं तर या उन्हाळ्यातच.

शेजारचे काका संध्याकाळी मांडवात येऊन उभे राहायचे. "खुराडं झकास झालंय हो," म्हणायचे, "कोंबड्या कधी येणार?" मग जाताना, गंभीर होऊन, "आईसाठी एवढं कोण करतं हल्ली?"

हे वाक्य मी पुष्कळांकडून ऐकलं. ऑफिसात ऐकलं, लग्नकार्यांत ऐकलं. प्रत्येक वेळी मी मान खाली घालायचो आणि लोकांना तो विनय वाटायचा.

खरं असं होतं की आईचं सगळं बायको करत होती. अंघोळ, कपडे, भरवणं, कुशी बदलणं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून सकाळ-संध्याकाळ खोबरेल तेलानं चोळणं. मी आईला उचलायचो, औषधं आणायचो आणि ट्रेलर करायचो. आईला स्वच्छ करायची वेळ आली की मला मांडवात काहीतरी काम निघायचं. आई हाक मारायची ती सुनेला, "अगो..." अशी, शेवट लांबवून. तिची खिडकी मांडवापासून चार हातांवर होती. पण सँडर, म्हणजे लाकूड घासायचं यंत्र, चालू असला की हाक ऐकू येत नाही. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं आणि त्यानंतर मी सँडर जरा जास्तच चालवला.

इपॉक्सी मी मिरकरवाड्याच्या बंदराकडच्या दुकानातून आणलं. दोन डब्यांतली दोन द्रव्यं मोजून एकत्र ढवळायची, की घड्याळ सुरू. उन्हाळ्याच्या उकाड्यात ते पातेल्यात जास्त वेळ राहिलं तर तापतं, धुरकटतं आणि दगड होतं. माझं पहिलं पातेलं तसंच गेलं. शिवाय हवेतला दमटपणा. एका रात्रीत थरावर मेणासारखा चिकट पापुद्रा यायचा. तो पाण्यानं घासून धुवायचा, वाळवायचा, सँडर मारायचा, मगच पुढचा थर. सँडरनं उडणारी काचेची पूड मानेत, कोपरांत, पापण्यांत बसायची. अंघोळ केली तरी खाज जायची नाही. मी चिडचिडा झालो होतो. दमलोही होतो, पण बायकोसमोर दमलो म्हणायची सोय नव्हती.

दोन्ही बाजू मी एकट्यानं केल्या. छप्पर एकट्याला जमणारं नव्हतं. एवढं मोठं कापड सुरकुती न पडता पसरायचं, तर पलीकडून कुणीतरी धरायला हवं. एका रविवारी सकाळी मी बायकोला हाक मारली. आईला न्हाऊ घालून ती नुकतीच ओट्यावर टेकली होती.

"आत्ताच?" ती म्हणाली.

"ऊन चढलं की जमणार नाही."

ती आली. मी हातात मोजे घालत होतो. तिनं डब्याकडे बघितलं. "चिकटतं का हे?"

"चिकटतं. पण तुला फक्त कापड धरायचंय."

ती आत जाऊन आली आणि स्टुलावर चढली. आम्ही कोरडं कापड छपरावर पसरलं. तिनं तिच्या बाजूनं दोन्ही तळव्यांनी ते मधून कडेकडे सारून सपाट केलं, चादर घालते तसं. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, एक सुरकुती राहिली नाही. मग मी इपॉक्सी ओतलं आणि प्लास्टिकच्या पट्टीनं पसरत गेलो. पांढरं कापड ओलं होत होत दिसेनासं झालं आणि खालच्या लाकडाच्या रेषा वर आल्या, पाण्याखाली असल्यासारख्या. कित्येक महिन्यांनी आम्ही दोघं एका कामाला लागलो होतो. खिडकीतून आई म्हणाली, "झालं काय रे?"

"होत आलं," मी म्हणालो.

"तुझं होत आलं दिवाळीपासून ऐकत्येय, मेल्या."

बायको हसली. ती हसलेली मला ऐकू आली, कारण सँडर बंद होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडी लावून वर बघितलं. माझी बाजू काचेसारखी झाली होती. तिच्या बाजूला ठिकठिकाणी पांढरे डाग होते, खड्डे पडलेले. तिथे इपॉक्सी लाकडाला धरलंच नव्हतं, कापड सुटं राहिलं होतं. जरा नीट बघितल्यावर डागांचे आकार दिसले. ते तळव्यांचे होते. कुठे नुसती बोटं, कुठे पूर्ण पंजा, कडेकडे सरकत गेलेला. बोटानं चाचपून मी वास घेतला. खोबरेल.

मी तिथूनच ओरडलो. ती हातात आईचं ताट घेऊन बाहेर आली.

"हाताला तेल लावलं होतंस?"

"हो."

"तेल? इपॉक्सीला तेल?"

"चिकटतं म्हणालात ना? फणस कापताना लावतो तसं लावलं."

आमच्याकडे फणसाला सुरी लावायच्या आधी प्रत्येक जण हाताला तेल लावतो. चीक चिकटू नये म्हणून. मीही लावत आलोय. तिला दुसरं काय सुचणार होतं? पण तेव्हा मी ते मनात आणलं नाही. सगळं काम वाया गेलं, आता पावसाआधी जाणं होत नाही, तुला साधं विचारता येत नव्हतं का, असं बरंच बोललो. शेजारच्या काकांच्या खिडकीचं दार वाजलं, तरी बोललो.

तिनं ताट ओट्याच्या कठड्यावर ठेवलं. आवाज न चढवता म्हणाली, "मोजे एकच जोड आणलात तुम्ही."

मी माझ्या बोटांकडे बघितलं.

"माझ्या हातांना रोजच तेल असतं," ती म्हणाली. "न लावतासुद्धा असतं." आणि ताट उचलून आत गेली.

मी शिडीवरच बसून राहिलो. तिनं आणखी काही बोलायला हवं होतं असं वाटत होतं, म्हणजे मला उत्तर देता आलं असतं. दुकानात मी एक जोड मागितला होता. दुसरा घ्यायचा विचार करून टाळला, असंही नव्हतं. तो मनातच आला नव्हता. काम कोण करणार, तर मी, असंच माझ्या डोक्यात होतं. घरातल्या कामाबद्दल मात्र मला कधी असं वाटलं नव्हतं.

नियमाप्रमाणे ती सगळी बाजू घासून काढून पुन्हा कापड घालायला हवं होतं. पुन्हा दोन-तीन आठवडे, आणि आभाळ तर आत्ताच दुपारी भरून यायला लागलं होतं. संध्याकाळी मी सँडर हातात घेतला. वायर लावणार, तेवढ्यात आतून हाक आली. "अगो..." थोडा वेळ गेला. पुन्हा आली. बायको मागे विहिरीवर कपडे धूत होती, तिला ती ऐकू जाणं शक्य नव्हतं. मी सँडर खाली ठेवला आणि खिडकीशी गेलो.

"काय गं?"

"तू नको. तिला बोलव."

मी तिला बोलवायला गेलो. ती हात झटकत आली, कमरेवर हात ठेवून दोन पायऱ्या चढली, आत गेली. त्या दोन पायऱ्या मी बघितल्या. छप्पर घासायचं नाही हे मी तेव्हा ठरवलं. सुटं कापड तेवढं ब्लेडनं कापून काढलं, खड्ड्यांत इपॉक्सी भरलं आणि वर रंगाचा एक हात मारला. रंगाखालून तळवे दिसतातच. पुढे तिथून पाणी मुरणार, हेही मला कळतं. वर ताडपत्री बांधली.

पुढच्या रविवारी पहाटे आम्ही निघालो. मी गाडी इतकी हळू चालवत होतो की मागून येणाऱ्या रिक्षासुद्धा हॉर्न मारून पुढे जात होत्या. पूर्णगडच्या पुलावर आईनं डोळे उघडले, खाडी बघितली, पुन्हा मिटले. नाट्याला एका माडाच्या बागेत गाडी लावायला मालकांनी परवानगी दिली. आईला मी उचलून ट्रेलरमध्ये ठेवलं. खिडकीतून बंदर दिसत होतं.

ती बराच वेळ बघत राहिली. "बोटी वाढल्या," म्हणाली. मग, "एवढंसं होतं काय हे?" आणि थोड्या वेळानं, "वास तोच आहे हो. सुकटीचा." आणखी काही बोलेल म्हणून मी थांबलो. तिला झोप लागली होती.

"पाच मिनिटं पडते," असं म्हणून बायको समोरच्या बाकावर आडवी झाली. आणि तीही झोपली. तोंड उघडं, एक हात खाली लोंबता. तिला दिवसा झोपलेली मी कधी बघितली होती ते आठवेना. मी बाहेर माडाला टेकून बसलो.

दुपार कलली तेव्हा आतून आवाज आला. "अगो..."

मी आत गेलो. आईनं माझ्याकडे बघून डोळ्यांनीच बाकाकडे खूण केली.

"झोपलीय ती," मी हळू म्हणालो.

"मग राहू दे. उठेपर्यंत राहते मी तशी."

"मी करतो."

"तू नको रे."

"करतो म्हटलं ना."

तिनं मान खिडकीकडे वळवली. मी केलं. कुठून सुरुवात करायची हेही मला धड माहीत नव्हतं. पाणी जास्त सांडलं, चादर उलटी घातली, तिच्या गेलेल्या हाताकडे लक्ष राहिलं नाही आणि तो अंगाखाली दुमडला. ती कळवळली, पण ओरडली नाही. झोपमोड होऊ नये म्हणून आम्ही दोघंही आवाज न करता ते सगळं उरकत होतो. शेवटी तेलाची बाटली घेतली, तळव्यांवर तेल घेतलं आणि तिच्या पाठीला लावलं. पाठ एवढीशी झाली होती. डाव्या खुब्यावर लालसर डाग होता. तो केव्हापासून होता, हे घरात फक्त एकीलाच माहीत असणार.

"जोरानं," आई खिडकीकडे बघत म्हणाली. "ती जोरानं चोळते."

मी जोर लावला.

मळलेले कपडे बादलीत घालून मी बागेतल्या पंपावर घेऊन गेलो. पिळत होतो तेव्हा बायको ट्रेलरच्या दारात आली. केस विस्कटलेले, गालावर बाकाची खूण. तिनं आत वाकून आईकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या कपड्यांकडे.

"मला उठवायचं नाही?"

"होतंय माझं."

ती खाली उतरून बादली घ्यायला येईल असं मला वाटलं. ती दाराच्या पायरीवर बसली, पाय लांब केले आणि बोटींकडे बघत राहिली. काही वेळानं माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पिळा अजून. पाणी राहिलंय त्यात."

मी पुन्हा पिळायला घेतलं.