बारवेत उतरताना मी खाकरतो

मंडळी, आज सकाळी सेलूजवळच्या एका जुन्या बारवेवर गेलो आणि पहिल्याच पायरीवर मोठ्यानं खाकरलो. सोबतची सून हसली, "बाबा, खाली कुणीबी न्हाई!"

गोष्ट जुनी, नामांतराच्या चळवळीचे दिवस होते. गावागावांत परक्या माणसाकडं संशयानं बघायचे. मी ह्याच बारवेत, भिंतीतल्या माणूस मावेल एवढ्या देवळीत शिरून, पाण्यावर उडणाऱ्या लाल चतुराचे फोटो काढत होतो. तेवढ्यात बायका धुणं घेऊन उतरल्या, अन् आंघोळीलाच बसल्या.

बाहेर पडावं तर हातात कॅमेरा! भिंतीकडं तोंड करून डोळे गच्च मिटले. पायाला मुंग्या आल्या, घाम डोळ्यांत गेला, तरी हललो नाही. शेवटी शिंक आलीच.

"कोण हाय रं आत?" एक म्हातारी कडाडली.

"चतुराचा फोटू काढायलोय, मावशी."

"चतुराचा? अन् आमी दिसलो न्हाई व्हय?"

मीच कॅमेरा उघडला आणि रोल सगळ्यांसमोर उन्हात ओढला. उजेड लागला, सगळे फोटो गेले. तेव्हा कुठं वाट मिळाली.

आज मोबाईल खिशातच राहिला. बारव कोरडी ठाक. बायका नाहीत, चतुरही नाही.

तुमच्या गावच्या बारवेत अजून खाकरून उतरावं लागतं का हो?