आधी वाचून दाखवा

रत्नाताई गेल्याचं मला इंदूबाईंनी कळवलं. मुलुंडच्या आमच्या ज्युनियर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी अकरावीचे इंग्रजीचे पेपर तपासत बसले होते. फोन वाजला आणि पलीकडून इंदूबाई एवढंच म्हणाल्या, "बाई गेली गं मघाशी. तू ये." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि हातातला पेपर शेवटच्या प्रश्नापर्यंत तपासला. का, ते मला विचारू नका. त्याला आज पाच आठवडे झाले. मधल्या काळात एक शोकसभाही झाली. तिथे सोशीक, शांत, देवमाणूस असे शब्द इतक्या सढळ हाताने उधळले गेले की, रत्नाताई ऐकायला असत्या तर त्यांनी बोलणाऱ्याला मध्येच खाली बसवलं असतं. त्या सोशीक नव्हत्या. शांत तर मुळीच नव्हत्या. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमची शेवटची भेट हॉस्पिटलमध्ये झाली. हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यांचा भाचा, वांद्र्याच्या बाजूला एका मोठ्या कंपनीत नोकरीला असलेला, संमतीचा फॉर्म घेऊन सही करायला निघाला होता. ताईंनी त्याचा हात धरला. "आधी वाचून दाखवा, काय लिहिलंय ते." तरुण डॉक्टर म्हणाला, "आजी, फॉर्मॅलिटी आहे हो." "फॉर्मॅलिटी आहे तर वाचायला काय जातंय तुझं?" त्याने वाचलं बिचाऱ्याने, पाचही पानं, मराठीत समजावत. मध्ये दोनदा त्यांनी त्याला मागच्या ओळीवर नेलं. मग म्हणाल्या, "आता बरोबर. आण पेन," आणि सही स्वतः केली. ऑपरेशन नीट पार पडलं. चौथ्या दिवशी सकाळी झोपेतून त्या उठल्याच नाहीत…

रत्नाताई मूळच्या मालवणकडच्या, वाढल्या घाटकोपरला, डोंगराच्या उतारावरच्या चाळीत. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा बारावी झालेल्या ताई टायपिंग आणि शॉर्टहॅन्ड शिकून कोर्टात स्टेनो लागल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिल्या. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर दर रविवारी त्यांच्या खोलीत माणसं यायची. कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा कोठडीत मार खाऊन आलेला, कुणाचा आलाच नाही. त्यांचं म्हणणं ताई मराठीत उतरवून घ्यायच्या, मी त्याचं इंग्रजी करायचे आणि दोन-तीन संघटना ते मानवी हक्क आयोगाकडे, कोर्टाकडे आणि गरज पडली तर देशाबाहेर पाठवायच्या. मला या कामात एका ओळखीच्या वकिलाने ओढलं होतं. "तुमचं इंग्रजी झकास आहे, मॅडम," एवढं त्याचं वाक्य मला पुरलं.

ताईंची एकच अट होती. इंग्रजी झालं की त्या ते हातात घ्यायच्या आणि ज्या माणसाचं म्हणणं आहे त्याला समोर बसवून वाक्यागणिक परत मराठीत सांगायच्या. तो बरोबर म्हणेपर्यंत कागद खोलीबाहेर जात नसे. एकेका कागदाला दोन-दोन तास लागत. मी वैतागायचे. एकदा तसं बोलूनही दाखवलं, तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. कोर्टात साक्ष टाईप झाली की खाली एक ओळ येते, 'वाचून दाखवली, बरोबर आहे', आणि मग साक्षीदाराची सही. ती साक्ष खरंच वाचून दाखवायची असते. पण गर्दीच्या दिवशी कोण वाचतो? बोटांना सवय झालेली असते, ओळ आपोआप पडते. अशाच एका दिवशी त्यांच्या हातून साक्षीदाराच्या तोंडच्या सकाळची संध्याकाळ झाली. आरोपी सकाळी चाळीच्या नळावर होता असं तो म्हातारा सांगत होता. कागदावर आरोपी संध्याकाळी नळावर होता. चोरी सकाळची. ताईंना चूक त्याच आठवड्यात कळली, त्यांनी वरच्यांना सांगितली, वरचे म्हणाले, असू दे आता, सही झाली आहे. "आणि मी असू दिलं," ताई म्हणाल्या. "त्या माणसाला शिक्षा झाली. खाली माझी ओळ होती, वाचून दाखवली म्हणून. मी नव्हती वाचली." त्यानंतर मी वेळेबद्दल कुरकुर केली नाही. निदान बोलून नाही.

इंदूबाई तीन वर्षांपूर्वी आल्या. मूळच्या जालन्याकडच्या, साकीनाक्याला लेथच्या वर्कशॉपमागे राहणाऱ्या. त्यांचा मुलगा महेश त्याच वर्कशॉपमध्ये कामाला होता. वर्कशॉपमधून काही माल चोरीला गेला, पोलिसांनी महेशला शुक्रवारी चौकशीला नेलं आणि रविवारी सकाळी ते घरी सांगायला आले की तो कोठडीत पाय घसरून पडला आणि गेला. इंदूबाईंनी अंगावरचे वळ पाहिले होते, पाठीवर आणि तळपायांवर. पाय घसरून तळपायावर वळ उठत नाहीत, एवढं कळायला कोणी डॉक्टर लागत नाही. नेमकं तेव्हाच युरोपातल्या एका देशाचं शिष्टमंडळ मुंबईत येणार होतं. व्यापाराचा करार व्हायचा होता आणि त्याआधी इथल्या मानवी हक्कांबद्दल चार संघटनांचं म्हणणं ऐकून घ्यायचं, असा त्यांचा रिवाज होता. त्या अहवालात महेशचं पान जाणार होतं.

इंदूबाईंनी सगळं सांगितलं आणि शेवटी त्या थेट त्या परदेशी पाहुण्यांशीच बोलल्या: "साहेब, तुमचा मोठा माणूस इथं सही करायला येणार म्हणतात. त्यानं सहीच्या आधी माझ्या महेशचं नाव घ्यावं, समद्यांसमोर. जमत नसंल तर माझा कागद मला परत द्या. मी तुमच्या दारात भीक मागाया आले न्हाई." ताईंनी हे जसंच्या तसं उतरवलं. इंग्रजी करताना मी ते गाळलं आणि छपाईची घाई म्हणून, ताईंचं वाचन व्हायच्या आधीच, पान संघटनेला पाठवूनही दिलं. संघटनेच्या लोकांनी सांगितलं होतं की, फक्त घडलेलं लिहा, मागण्या आम्ही एकत्र मांडू. ते कारण माझ्या हाताशी होतं. खरं कारण वेगळं होतं. मला लाज वाटली होती. पाहुण्यांसमोर आपली एक बाई अशी तोंड वर करून बोलते, ते कसं दिसेल…

रविवारी ताई वाचायला बसल्या. इंदूबाई डोळे मिटून ऐकत होत्या, बरोबर, बरोबर म्हणत होत्या. वाचन संपलं. इंदूबाईंनी डोळे उघडले. "आन् पुढचं?"

"पुढे काही नाही," ताई म्हणाल्या आणि त्यांनीच आपली मराठी वही उघडून पाहिली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी धोरण सांगितलं, राजनैतिक भाषा सांगितली, पाहुणे दुखावतील, मग कामच बिघडेल असंही सांगितलं. ताई रागावल्या की मालवणीवर यायच्या.

"काय गो, झील तुझो मेलो, की हिचो?"

झील म्हणजे मुलगा. इंदूबाई मात्र माझ्यावर चिडल्या नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. त्या म्हणाल्या, "तुला शिकलेलीला लाज वाटली आसंल. मला न्हाई वाटत." पान बदला असं ताईंनी संघटनेला कळवलं. त्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला की अहवाल छापून झाला आहे, आता काही होणार नाही, वाट लागेल सगळ्याची. ताईंनी फोन हातात घेतला. "मग हिचं पान फाडून काढा. अर्धं जाणार असेल तर जायलाच नको." शेवटी छापलेल्या प्रती ताईंच्या खोलीवर आल्या आणि आम्ही तिघींनी तिथे बसून प्रत्येक प्रतीच्या पिना उचकटल्या, जुनं पान काढलं, नवं घातलं. नवं पान मी चार वेळा लिहिलं आणि ताईंनी ते चार वेळा वाचून दाखवलं. इंदूबाईंनी 'भीक' या शब्दासाठी मी शोधलेले तीन सभ्य शब्द नाकारले.

अंधेरीला विमानतळाजवळच्या एका हॉटेलात आम्हाला पंधरा मिनिटं मिळाली. लांब टेबल, पलीकडे एक पिकल्या केसांचे गृहस्थ आणि वही घेतलेली एक तरुण अधिकारी. इंदूबाई बोलल्या, मी इंग्रजीत सांगितलं, 'भीक' या शब्दासकट. गृहस्थांनी मान झुकवली, अतिशय सुंदर आवाजात म्हणाले की ते व्यथित झाले आहेत, आणि आमचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे. खुर्च्या सरकू लागल्या. ताई उठल्या नाहीत. मला म्हणाल्या, "विचार त्यांना, काय नोंदवलं ते वाचून दाखवा म्हणावं." मी घुटमळले. मग त्यांनी आपल्या कोर्टातल्या इंग्रजीत स्वतःच विचारलं, एकदा, आणि उत्तर येईना तेव्हा त्याच आवाजात पुन्हा. ती अधिकारी लाल झाली. वहीत तीन शब्द होते. आई, मुलगा, कोठडी.

"आता लिहा," ताई म्हणाल्या. "ती सांगेल, ही इंग्रजी करेल, तुम्ही लिहा."

बाहेर पुढची मंडळी ताटकळत होती. एक सुटाबुटातला माणूस दोनदा आत डोकावून गेला. मला वाटलं आता कोणीतरी आपल्याला बाहेर काढणार. पण त्या मुलीने लिहिलं. सगळं लिहिलं आणि वाचून दाखवलं, मी ते इंदूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी वारावर बोट ठेवलं, शनिवार झाला होता, तो शुक्रवार करून घेतला. मग ताईंनी त्या मुलीकडून खाली ओळ लिहून घेतली, वाचून दाखवलं, बरोबर आहे, आणि तिच्याच वहीत इंदूबाईंची सही घेतली. इंदूबाई सही सावकाश करतात. एका परक्या सरकारचे दोन अधिकारी ती सही पूर्ण होईपर्यंत उभे राहिले. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

पुढच्या आठवड्यात करार झाला. पेपरात फोटो आला, गुच्छ, हस्तांदोलन, मैत्रीचं नवं पर्व वगैरे. महेशचं नाव कोणी घेतलं नाही आणि कागदही परत आला नाही. आपले सरकारी लोक म्हणाले, हा आमच्या घरचा मामला आहे. ते लोक म्हणाले, आम्हाला चिंता वाटते. दोघांनी मिळून सह्या केल्या. मला इतका संताप आला होता की मी तो पेपर घेऊन थेट घाटकोपरला गेले. ताई तांदूळ निवडत होत्या. "तुम्हाला माहीत होतं ना, असंच होणार?" "होतं की." "मग एवढं सगळं कशाला केलं आपण?" त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "इथला अर्ज फायलीतून नाहीसा होतो गं. तिथल्या वहीत आता हिची सही आहे. ते विसरतील, विसरू देत. आम्ही ऐकलंच नव्हतं, असं मात्र त्यांना आता म्हणता येणार नाही."

भाच्याशी याच दिवसांत त्यांचं मोठं भांडण झालं. त्याच्या कंपनीचे ग्राहक बाहेरचे. "मावशी, तू परक्यांपुढे देशाची लाज काढतेस," तो म्हणाला. मी तिथे होते. ताई म्हणाल्या, "पोराला मारून टाकलं तेव्हा नाही गेली लाज? मी सांगितल्यावर गेली?" दोन महिने तो आला नाही. चाळीतही काहींनी बोलणं सोडलं. एक शेजारीण, जिच्या मुलीला ताईंनी टायपिंग शिकवलं होतं, ती पाणी भरताना तोंड फिरवायची. ताई मुद्दाम तिच्या शेजारी हंडा लावायच्या आणि आज पाणी कमी आहे का गं, असं विचारायच्या, रोज, ती उत्तर देईपर्यंत. ती अकराव्या दिवशी बोलली.

महेशच्या मृत्यूची चौकशी अजून सुरू आहे. तारखा पडतात, इंदूबाई जातात. ताई असताना दोघी जायच्या, आता मी रजा टाकून जाते. मागच्या तारखेला तिथल्या कारकुनाने इंदूबाईंपुढे कागद सरकवला आणि बोटाने सहीची जागा दाखवली. त्यांनी हात पदराखाली घेतला. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "वाचा की आधी, साहेब." त्याने वाचलं. कुरकुरत, पण वाचलं.

खोली भाचा दिवाळीनंतर भाड्याने देणार आहे. त्याला मी दोष देत नाही, त्याचीच आहे ती. तोवर रविवार आमचे. परवाच्या रविवारी ट्रॉम्बेकडची एक बाई आली, भावाची हकीकत घेऊन. मी ताईंच्या खिडकीशी बसून तिचं म्हणणं उतरवलं, इंग्रजीही तिथेच केलं आणि पर्स उचलली. पेपरांचा गठ्ठा घरी पडला होता, दोन दिवसांत निकाल द्यायचा होता. इंदूबाई दाराच्या आतल्या बाजूला बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, त्यामुळे मला जाता येईना.

"वाच की तिला."

"इंदूबाई, सध्या कुठलं शिष्टमंडळ येणार नाहीये. हे पाठवायचं कुणाला तेसुद्धा ठरलेलं नाही."

"ते मागनं बघू. आधी तिला वाचून दाखव."

मी पर्स ठेवली आणि वाचू लागले. तिसऱ्या वाक्याला त्या बाईने हात वर केला, वर्गात मुली करतात तसा, घाबरत. म्हणाली, "असं नव्हतं ते."

मी वाक्य खोडलं आणि म्हटलं, "सांगा. कसं होतं?"